गेम बनवायला पीसी जुळवतोय : बजेट १ लाख १० हजार, पुढे वाढवता आला पाहिजे

हातमाग | १५ नोव्हेंबर २०२५, रात्री ११.४८

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचक आहे, आज गरजेपोटी लिहितोय.

इचलकरंजीत राहतो. दिवसा एका कापड व्यापाऱ्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो, रात्री गेम बनवतो. बैलगाडी शर्यतीचा गेम आहे, अनरिअल इंजिन ५ (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये. चार बैलजोड्या, एक माळ, धुरळा आणि कडेला आरडाओरडा करणारी पब्लिक. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्या पब्लिकनंच माझा लॅपटॉप मारलाय.

लॅपटॉप २०२१ चा. अकराव्या पिढीचा आय५, सहा कोर, १६ जीबी रॅम, ४ जीबीचं जीटीएक्स १६५०. बिजागरी तुटलीय, स्क्रीनला मागून तूरडाळीचा डबा लावून बसतो. सी प्लस प्लसमध्ये एखादी मोक्याची हेडर फाइल (जिच्यावर बाकीच्या बऱ्याच फायली अवलंबून असतात) बदलली की कंपाइलला, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरायला, अकरा-बारा मिनिटं. तेवढ्यात माझं जेवण होतं. एडिटर उघडून शेडर (रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्राम) तयार व्हायला लागले की माऊससुद्धा अडखळतो.

भिशी लागलीय, त्यातले १ लाख १० हजार यासाठी काढलेत. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आहे. मी काढलेली यादी अशी: ग्राफिक कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, प्रोसेसर रायझन ५ ५६००, ए५२० चिपसेटचं सगळ्यात स्वस्त मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४, ५०० जीबी एसएसडी, आणि दुकानदार कॅबिनेटबरोबर देतो तो पॉवर सप्लाय. निम्मे पैसे कार्डातच जातात, पण गेमचं काम म्हणजे कार्डच महत्त्वाचं ना? बाकीचं नंतर वाढवत नेईन.

काही चुकत असेल तर बिनधास्त सांगा.

तिरफळ | १६ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

कॅबिनेटबरोबर मिळणारा पॉवर सप्लाय म्हणजे लग्नात फुकट मिळणारी टोपी. घालावी, फोटो काढावा, काढून ठेवावी.

सोल्डरगन | १६ नोव्हेंबर, सकाळी ९.३२

ठाण्यात चोवीस वर्षं दुरुस्ती करतोय, म्हणून जरा सविस्तर.

बाळा, तुझी यादी उलटी आहे. नंतर काय बदलता येतं आणि काय बदलायला गेलं की अख्खा डबा उघडावा लागतो, ते आधी बघ. ग्राफिक कार्ड बदलायला एक स्क्रू, एक खटका आणि एक वायर. पाच मिनिटं. एसएसडीचंही तेच. बोर्ड बदलायचं म्हणजे प्रोसेसर उतरव, पेस्ट पुसून नवी लाव, सगळ्या वायरी काढ-घाल. आणि बोर्डाची जात बदलली की प्रोसेसर आणि रॅमही बदलली. तू सगळ्यात जास्त पैसे सगळ्यात सोप्या बदलणाऱ्या वस्तूत घालतोयस, आणि जे सात-आठ वर्षं जागचं हलणार नाही ते सगळ्यात स्वस्त घेतोयस.

पॉवर सप्लाय नावाजलेला घे, ६५० वॉट, ८० प्लस गोल्ड. गोल्ड म्हणजे वीज कमी वाया जाते एवढंच, टिकाऊपणाची ती खात्री नव्हे. म्हणून त्या मॉडेलची नीट उघडून केलेली चाचणी कुठे वाचायला मिळते का बघ. वॉरंटी किती वर्षांची आहे त्यावरूनही बरंच कळतं. माझ्या टेबलावर जळून आलेल्या बोर्डांबरोबर पॉवर सप्लाय आला की मी तो आधी हातावर तोलतो. पेढ्याच्या बॉक्ससारखा हलका लागला की पुढचं विचारावं लागत नाही.

रात्रपाळी | १६ नोव्हेंबर, दुपारी १.०५

पुण्यात गेम स्टुडिओत प्रोग्रामर आहे. काका म्हणतात ते बरोबरच, पण हातमाग, खरेदीच्या आधी एक काम कर. नेमकं काय अडतंय ते मोज. 'गेमचं काम म्हणजे कार्ड' हे गेम खेळणाऱ्याचं खरं. बनवणाऱ्याचा दिवस कंपाइल, शेडर, आयात, बेकिंग (प्रकाश वगैरे आधीच मोजून ठेवणं), पॅकेजिंग (गेम वाटण्याजोगा बांधणं) यात जातो, आणि त्यातलं बहुतेक प्रोसेसर, रॅम आणि डिस्कवर चालतं.

टास्क मॅनेजर उघड, मेमरीच्या पानावर 'कमिटेड' लिहिलेला आकडा (सगळ्या प्रोग्रामांनी मिळून मागितलेली मेमरी) बघ. नुसतं 'इन यूज' बघू नकोस. मग एडिटर उघडा ठेवून ती हेडर बदल, कंपाइल लाव, आणि आउटपुट खिडकीतल्या पहिल्या पाच-सहा ओळी वाच. अनरिअलचा बिल्ड टूल तिथे लिहितो की एकावेळी किती कामं चालवतोय. ती ओळ इथे सांग.

भरीत भाकर | १६ नोव्हेंबर, दुपारी ४.२०

जळगावहून. मी ब्लेंडरवाला (थ्रीडी चित्रं बनवतो), कोड येत नाही. कार्डाबद्दल एवढंच, की ब्लेंडरच्या सायकल्स रेंडररमध्ये रेंडर करणार असशील तर एनव्हिडिया घे, त्यांच्या ऑप्टिक्स तंत्रामुळे फरक पडतो भो. आणि व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) बघ. सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही तर कार्ड कितीही ताकदीचं असो, रांगायला लागतं. ८ जीबीचं नवं कार्ड कामासाठी आता नको.

हातमाग | १६ नोव्हेंबर, रात्री १०.५५

रात्रपाळी ताई, मोजलं. लाज वाटली राव.

एडिटर, व्हिज्युअल स्टुडिओ आणि ब्राउझर उघडं असताना कमिटेड २९ जीबी. रॅम १६ ची. म्हणजे मागणी रॅमपेक्षा तेरा जीबी जास्त, त्यातली बरीच डिस्कवर हेलपाटे घालत असणार.

आणि ती ओळ! इंग्रजीत होती, अर्थ असा: प्रत्येक कामाला दीड जीबी मोकळी मेमरी हवी, शिल्लक ४.९ जीबी, म्हणून एकावेळी जास्तीत जास्त ३ कामं. सहा कोरांचा प्रोसेसर आणि तीन कोर कट्ट्यावर बसलेत. ही ओळ रोज डोळ्यासमोरून जात होती, कधी वाचलीच नाही.

रात्रपाळी | १६ नोव्हेंबर, रात्री ११.२०

वाचत कोणीच नाही. मीही पहिलं वर्षभर वाचली नव्हती.

आता हिशेब सोपा झाला. बिल्ड टूल साधारणपणे खऱ्या कोरांइतकी कामं एकावेळी चालवतो आणि प्रत्येकाला दीड जीबी धरतो. आठ कोर असतील तर कंपाइललाच १२ जीबी मोकळी हवी. एडिटर आणि बाकी पसारा धरून तुला ३२ म्हणजे जेमतेम, ४८ म्हणजे आरामात, ६४ म्हणजे दोन-तीन वर्षं बघायला नको. शेडर तयार करणारी प्रक्रियाही अशीच पाच-पन्नास पिल्लं सोडते, प्रत्येक पिल्लू मेमरी खातं. तुझा माऊस अडखळतो तो त्यामुळे.

तोवर फुकटातलं करून घे. प्रोजेक्टचा फोल्डर आणि इंजिनचा कॅशे विंडोज डिफेंडरच्या तपासणीतून वगळ. नवीन मशीनवर विंडोज ११ ची 'डेव्ह ड्राइव्ह' सोय आहे, प्रोजेक्ट त्यावर ठेव. हजारो बारीक फायली उघडताना फरक जाणवतो.

तिरफळ | १७ नोव्हेंबर, सकाळी ८.०२

मग लॅपटॉपमध्येच रॅमची एक पट्टी टाक ना. एक लाख वाचतील, शर्यतीत खरीखुरी जोडी उतरव.

हातमाग | १७ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

८ जीबी बोर्डावरच सोल्डर केलीय, एक खाच मोकळी करता येईल. विचार केला होता. पण आता टचपॅड मधून वर आलाय, टेबलावर ठेवला की लॅपटॉप डुलतो.

सोल्डरगन | १७ नोव्हेंबर, सकाळी ८.४६

थांब. टचपॅड वर आलाय म्हणजे खाली बॅटरी फुगलीय. आजच बंद कर, बॅटरी काढून घे कारागिराकडून. टोचायची नाही, दाबून बसवायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. ती काढली तरी बहुतेक लॅपटॉप चार्जरवर चालतात. पीसीचं नंतर बोलू.

हातमाग | १८ नोव्हेंबर, रात्री ९.१५

काढली काका. उशीसारखी झाली होती. आईला दाखवली, ती म्हणाली, 'हे घेऊन झोपत होतास?'

आता बोर्ड-प्रोसेसरचं सांगा. एएमडीचं एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) घेऊ की एएम५? की इंटेल?

भरीत भाकर | १८ नोव्हेंबर, रात्री ९.५०

एएम४ घे बिनधास्त. माझ्याकडे ५७००एक्स आहे, आठ कोर, मस्त चालतो. लोक म्हणतात एएम४ मेला. अरे, त्याच्यावर सोळा कोरांचा ५९५०एक्स बसतो. आज सहा कोर घे, दोन वर्षांनी कोणीतरी विकायला काढेल तो सोळावाला उचल. हे अपग्रेड नाही तर काय? डीडीआर४ जुनी पण मिळते. फक्त ए५२० चं फडतूस बोर्ड नको, सोळा कोरांना वीज पुरवताना ते घाम गाळेल. बी५५० घे.

सोल्डरगन | १८ नोव्हेंबर, रात्री १०.३०

भरीत भाकरचं म्हणणं मी सहज उडवून लावणार नाही. एएम४ बाजारात आला २०१६-१७ मध्ये, आणि २०२४ च्या जुलैतसुद्धा त्याच्यासाठी नवे प्रोसेसर निघाले. एवढी वर्षं टिकलेलं दुसरं सॉकेट मला आठवत नाही. पण आता त्या गाडीचा शेवटचा थांबा माहीत आहे. एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आलं, २०२४ मध्ये ९००० मालिका त्याच बोर्डांवर बसली, आणि निदान २०२७ पर्यंत हे सॉकेट चालवू असं एएमडीनं जाहीर सांगितलंय.

इंटेलचं १४४००एफ किमतीला वाईट नाही. पण त्याचं एलजीए १७०० सॉकेट तिथेच संपलं, पुढच्या कोअर अल्ट्राला बोर्डच वेगळं लागतं. वाढवत नेणार म्हणतोस तर नको.

एएम५ चं बी६५० बोर्ड घे. बोर्ड निवडताना दिव्यांचा रंग बघू नकोस. एसएसडीसाठी एम.२ च्या दोन जागा, प्रोसेसरशेजारच्या व्हीआरएमवर (त्याला वीज पुरवणारा भाग) ॲल्युमिनियमचे ठोकळे, आणि मागे 'बायोस फ्लॅशबॅक'चं बटण, या तीन गोष्टी बघ. हे बटण असलं की प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) नवा करता येतो. उद्या नव्या पिढीचा प्रोसेसर आणलास आणि बोर्डानं ओळख दाखवली नाही तर त्याच बटणावर निभावशील.

भरीत भाकर | १८ नोव्हेंबर, रात्री १०.४१

काका, एक विचारू? 'पुढे प्रोसेसर बदलीन' म्हणून घेतलेल्या बोर्डावर खरंच बदलणारे किती बघितले?

सोल्डरगन | १८ नोव्हेंबर, रात्री १०.५५

खरं सांगू? थोडे. बहुतेक जण रॅम वाढवतात, एसएसडी लावतात, कार्ड बदलतात आणि मग पाच-सहा वर्षांनी सगळंच नवं घेतात. पण जे प्रोसेसर बदलतात ते असेच, रोज कंपाइल करणारे किंवा रेंडर लावणारे.

रात्रपाळी | १९ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

एएम५ ला माझंही मत. प्रोसेसर ७६०० किंवा ७७००. पहिला सहा कोर, दुसरा आठ. दोन्ही ६५ वॉटचे, दोन्हींच्या डब्यात पंखा येतो आणि दोन्हींत छोटं का होईना ग्राफिक आहे. कार्ड बिघडलं तर स्क्रीन तरी दिसेल. ७५००एफ मध्ये ते नाही. आणि मोठा नंबर बघून ८४००एफ घेऊ नकोस, त्यात कॅशे (प्रोसेसरची स्वतःची वेगवान मेमरी) ७६०० च्या निम्मा आहे.

आता माझा खरा मुद्दा. भाऊजी, मित्र, कोणाकडे एखादं जुनं कार्ड पडून आहे का?

हातमाग | १९ नोव्हेंबर, रात्री ९.३०

मिरजेच्या भाऊजींकडे जीटीएक्स १६६० सुपर आहे, ६ जीबी. त्यांनी गेमिंग सोडलं (म्हणजे बहिणीनं सोडायला लावलं). पण त्यात रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजायची सोय) नाही ना?

रात्रपाळी | १९ नोव्हेंबर, रात्री १०.१०

नाही. पण लुमेन (अनरिअलची प्रकाशयोजना) हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवायही चालतं, सॉफ्टवेअर पद्धतीनं, आणि नॅनाइटही (बारीक तपशिलाची मॉडेलं हाताळणारी सोय) त्या कार्डावर चालतं. माळ, बैल आणि धुरळा यांना ते आज पुरेल. तुझा गेम विकत घेणाऱ्यांत जुन्या, मधल्या दर्जाच्या कार्डांचे लोक भरपूर असणार. तुझ्या टेबलावर ५०६० टीआय असलं की तुला सगळंच गुळगुळीत दिसेल आणि गिऱ्हाइकाकडे बैल लंगडेल.

सहा महिने ते कार्ड वापर. कार्डाचे पैसे रॅम आणि आठ कोरांत घाल. व्हीरॅम भरतेय असं दिसेल तेव्हा १६ जीबीचं घे.

भरीत भाकर | १९ नोव्हेंबर, रात्री १०.३२

हे पटलं. ब्लेंडरमध्ये रात्री रेंडर लावून झोपायचं. मी सहा वर्षं तेच केलं.

सोल्डरगन | २० नोव्हेंबर, सकाळी ९.००

मग आता रॅम. ही आज-उद्यात ठरव, बाकीचं महिनाभर चालेल. मेमरी बनवणारे कारखाने एआयच्या डेटा सेंटरांकडे माल वळवतायत आणि आपल्याकडे भाव रोज चढतोय. ३२ जीबी डीडीआर५ ची जोडी सप्टेंबरात मी साडेनऊ हजारांना बसवली. काल त्याच जोडीला वीसच्या वर सांगितले, आणि वर 'हा भाव संध्याकाळपर्यंत'. सोन्याच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं.

हातमाग | २० नोव्हेंबर, सकाळी ९.२०

मग आता १६-१६ च्या दोन घेतो, पुढे स्वस्त झाली की अजून दोन लावीन. बोर्डावर चार खाचा आहेतच.

सोल्डरगन | २० नोव्हेंबर, सकाळी ९.४१

इथेच सगळे फसतात. चार खाचा असल्या म्हणून चार पट्ट्या पूर्ण वेगानं धावतात असं नाही. ७००० मालिकेत दोन पट्ट्या ५२०० च्या वेगाला अधिकृतपणे चालतात, एक्स्पो (बायोसमधली रॅमचा वेग वाढवायची सोय) लावून ६००० ला सहज. चार लावल्या की अधिकृत वेग थेट ३६००. कोणाचं जास्तही चालतं, पण दोन वेगळ्या दिवशी घेतलेल्या जोड्या एकमेकींशी पटवून घेतील याची हमी नाही. डीडीआर४ मध्ये जी चालढकल खपायची ती इथे खपत नाही. डीडीआर५ घेताना 'दोनच पट्ट्या' असं समजून घे. पुढे वाढवायची तर ही जोडी विकून मोठी जोडी.

रात्रपाळी | २० नोव्हेंबर, सकाळी १०.०५

२४-२४ च्या पट्ट्या मिळतात. ४८ जीबी. लोकांना माहीत नसतात म्हणून दुकानात पडून असतात. त्यांना २०२३ मधला किंवा त्यानंतरचा बायोस लागतो, एवढं लक्षात ठेव.

ताळेबंद | २० नोव्हेंबर, दुपारी ३.१५

तांत्रिक गोष्टी मला कळत नाहीत, सीए आहे. जीएसटी नोंदणी असेल आणि मशीन व्यवसायासाठी असेल तर सुट्या भागांवरचे १८ टक्के परत वळते करता येतात. त्यासाठी नंबर घातलेलं पक्कं बिल हवं. नोंदणी नसली तरी व्यवसायाच्या उत्पन्नातून कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो. 'बिलाशिवाय दोन हजार कमी' या बोलण्याला भुलू नका, वॉरंटीही त्या बिलावरच असते.

अनिवासी कोकम | २१ नोव्हेंबर, पहाटे ४.४०

मी जानेवारीत न्यू जर्सीहून येतोय. प्रोसेसर आणू का? पिशवीत मावेल.

सोल्डरगन | २१ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

कोकमशेठ, मन मोठं आहे तुमचं. पण वॉरंटी बऱ्याचदा त्या देशापुरती असते, आणि पोरगा जानेवारीपर्यंत डबा लावून बसेल. तुम्ही येताना चॉकलेटं आणा.

हातमाग | २३ नोव्हेंबर, रात्री ८.००

रॅम घेतली. २४-२४ ची जोडी, ५६०० ची, बिनदिव्याची, २७,५०० ला. आयुष्यात एवढी महाग आणि एवढी हलकी वस्तू घेतली नव्हती. बोर्ड नसल्यामुळे तपासता येत नाही याचा घोर लागलाय. डबी आईच्या कपाटात, दागिन्यांशेजारी.

तिरफळ | २३ नोव्हेंबर, रात्री ८.०९

योग्य कप्पा.

सोल्डरगन | २४ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

आता इचलकरंजीचं म्हणून दोन गोष्टी. घराशेजारी माग आहेत का?

हातमाग | २४ नोव्हेंबर, सकाळी ९.४४

भिंतीला भिंत. चोवीस माग. सकाळी खिडकीच्या गजांवर कापसाची पिसं असतात. लॅपटॉपच्या पंख्यातून दर दोन महिन्यांनी वात निघते, समईला लावता येईल एवढी.

सोल्डरगन | २४ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

तर मग काचेचं बंद तोंडाचं कॅबिनेट नको. पुढून जाळी, तिच्यामागे ओढून काढता येणारी गाळणी, तशीच गाळणी पॉवर सप्लायच्या खाली. पुढे आत ओढणारे दोन पंखे, मागे बाहेर टाकणारा एक. आत जाणारी हवा जास्त राहिली की फटीफटीतून पिंज ओढला जात नाही, येतो तो गाळणीतूनच. मग दर रविवारी गाळणी काढून नळाखाली धर आणि वाळवून लाव. जमिनीवर ठेवू नकोस.

दुसरं, वीज. मागांच्या मोटारी चालू-बंद होताना दिवा मिचमिचतो ना? यूपीएस घे, १ केव्हीए म्हणजे साधारण ६०० वॉटवाला. तुझं मशीन भाऊजींच्या कार्डासकट पूर्ण ताणात ३०० वॉटच्या आत राहील, पण ६०० व्हीएवाला फक्त ३६० वॉटचा असतो, तो काठावर येईल. आणि यूपीएसच्या आधी अर्थिंग. इलेक्ट्रिशियनला मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये किती व्होल्ट येतात ते बघायला सांग. दोन-तीनच्या पुढे असेल तर आधी ते नीट करून घे. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात ही तक्रार घेऊन माझ्याकडे महिन्याला कोणीतरी येतंच, आणि दोष मशीनचा क्वचितच असतो.

हातमाग | २७ नोव्हेंबर, रात्री ९.०५

एकोणचाळीस व्होल्ट आले. अर्थिंगची वायर मीटरच्या डब्यामागे नुसतीच लोंबत होती. घर बांधल्यापासून. वडील म्हणाले, 'मग तू फ्रिजला शॉक बसतो म्हणत होतास ते खरं होतं तर.'

नवी अर्थिंग केली, आता सव्वा व्होल्ट.

रात्रपाळी | ४ डिसेंबर, सकाळी ११.३०

बातमी वाचली का? मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं काल जाहीर केलं, क्रुशियल नावानं ग्राहकांना मिळणारा माल बंद करणार, फेब्रुवारीपर्यंतच पुरवठा. रॅम घेऊन ठेवलीस ते बरं केलंस. एसएसडीसुद्धा आता घेऊन टाक. टीएलसी प्रकारच्या चिपची बघून घे, क्यूएलसीची नको. मोठं पॅकेजिंग करताना कॅशे भरला की क्यूएलसीचा वेग बसतो.

हातमाग | ८ डिसेंबर, रात्री ११.५०

रात्रीची महालक्ष्मी पकडून मुंबई गाठली. दादरला उतरून लोकलनं ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. कोल्हापुरातही मिळालं असतं बरंचसं, पण फ्लॅशबॅकवालं बोर्ड कोणाकडे नव्हतं.

रायझन ७ ७७०० (डब्यातल्या पंख्यासह) २४,३००. बी६५० बोर्ड १३,२००. १ टीबी जेन ४ टीएलसी एसएसडी ८,४००. ६५० वॉट गोल्ड ६,८००. कॅबिनेट ४,३००. यूपीएस इथेच घेतला, ५,६००. आधीची रॅम २७,५००. एकूण ९०,१००. सगळ्याचं पक्कं बिल, ताळेबंद सर.

एका दुकानात 'सर, रॅम आमच्याकडूनच घेतली तर बोर्ड देतो' असंही ऐकवलं. शेजारच्यानं नुसतं बोर्ड दिलं.

तिरफळ | ९ डिसेंबर, सकाळी ७.४५

विंडोजचे पैसे धरलेस का? लॅपटॉपबरोबर आलेलं त्या लॅपटॉपचंच असतं हो.

हातमाग | ९ डिसेंबर, सकाळी ८.१०

...नव्हते धरले. म्हणजे शिल्लक १९,९०० मधून दहाएक हजार गेले. कार्डाच्या फंडाला नऊच उरले.

हातमाग | १४ डिसेंबर, सायंकाळी ६.२२

काका कोणी आहात का?? जुळवलं. कालच बायोस नवा केला, पेन ड्राइव्ह एफएटी३२ करून, फाइलचं नाव बदलून, बटण दाबून, यूपीएसवर. लाइट लुकलुकून बंद झाला, व्यवस्थित. आज सगळं लावून चालू केलं, पंखे फिरतात, स्क्रीन काळी. बोर्डावर डीरॅमजवळचा पिवळा दिवा लागून राहिलाय. तीन मिनिटं झाली. सत्तावीस हजार पाचशे.

सोल्डरगन | १४ डिसेंबर, सायंकाळी ६.२५

बंद करू नकोस. हात मागे घे. एएम५ वर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमशी ओळख करून घेतं, मेमरी ट्रेनिंग म्हणतात त्याला. ४८ जीबीला पाच-दहा मिनिटंही लागतात. स्क्रीनची वायर कार्डाला लावलीस ना, बोर्डाला नाही?

हातमाग | १४ डिसेंबर, सायंकाळी ६.२६

कार्डाला. पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

भरीत भाकर | १४ डिसेंबर, सायंकाळी ६.२८

आम्ही पण जेवण थांबवून बसलोय भो.

हातमाग | १४ डिसेंबर, सायंकाळी ६.३१

आली!!! ४८ जीबी दाखवतोय. आईनं साखर ठेवली हातावर.

रात्रपाळी | १४ डिसेंबर, सायंकाळी ६.४०

अभिनंदन. बायोसमध्ये एक्स्पो लाव, आणि 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' चालू आहे का बघ, म्हणजे दर वेळी ही ओळखपरेड होणार नाही. मग रात्रभर मेमरी टेस्ट लाव. चूक निघालीच तर बिल ताजं आहे.

हातमाग | १७ डिसेंबर, रात्री १२.१५

टेस्ट स्वच्छ. इंजिन टाकलं, प्रोजेक्ट आणला. तीच हेडर बदलली. एकावेळी ८ कामं. साडेतीन मिनिटं. जेवायला बसलो आणि पहिल्या भाकरीला घंटी वाजली.

लॅपटॉप चार्जरवर चालतोय. ताई गिऱ्हाइकाच्या जुन्या कार्डाचं बोलल्या होत्या, म्हणून पॅकेज केलेला गेम त्याच्यावर चालवून बघितला. मोकळ्या माळावर सेकंदाला ४५ फ्रेम. शेवटच्या वळणावर पब्लिक दिसायला लागली की १४. म्हणजे पीसी झाला, पण ओरडणारी माणसं आहेत तिथेच आहेत.

रात्रपाळी | १७ डिसेंबर, रात्री १२.३१

प्रत्येक माणूस वेगळा स्केलेटल मेश (आत हाडांचा सांगाडा असलेलं मॉडेल) आहे ना? आणि प्रत्येकाचं ॲनिमेशन दर फ्रेमला चालतंय? मला वाटलंच. त्याचा वेगळा धागा काढ. लॅपटॉप विकू नकोस.

तिरफळ | १७ डिसेंबर, सकाळी ७.०५

आणि त्यात बैलांच्या नावांचं मतदान ठेव. सोल्डरगन काकांचं नाव आधीच एका जोडीला द्यावं, ही विनंती.